नाच्याचं सोंग आणि गणपत पाटील

मराठी तमाशापटात नायक बदलले, नायिका बदलल्या, इरसाल पाटील रंगवणारे नटही बदलले. नाच्या म्हटला की मात्र गणपत पाटीलच. पन्नासच्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षं निर्मात्यांनी या कामासाठी दुसऱ्या नावाचा फारसा विचार केला नाही आणि प्रेक्षकांनीही तो मागितला नाही. पडद्यावर फड लागला, ढोलकीवर थाप पडली, की हा माणूस मान वेळावत येणार, ‘आत्ता गं बया!’ म्हणणार आणि थेटरात हशा पिकणार, हे ठरलेलं. कोल्हापूरच्या या नटाला महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं आणि त्याच तोंडाने त्याच्याबद्दल नाही नाही ते बोललंही. विनोदी नट आणि त्याचं गाजलेलं सोंग यांच्यातल्या व्यवहाराचा आढावा घ्यायचा, तर सुरुवात इथूनच करावी लागते. दामुअण्णा मालवणकर, दादा कोंडके, लक्ष्मीकांत बेर्डे, तिकडे इंग्लंडातले जॉन इनमन आणि रोवन अ‍ॅटकिन्सन, सगळ्यांनाच हा व्यवहार करावा लागला. सगळ्यात महाग तो पाटलांना पडला असं माझं मत आहे.

कोल्हापूरचा सिनेमा म्हटला की बाबूराव पेंटर, ‘सैरंध्री’, भालजी पेंढारकर आणि ढालतलवारीचे ऐतिहासिकपट आठवतात. विनोदाचं श्रेय या गावाला कोणी चटकन देत नाही. खरं तर १९३६ मध्ये मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स काढली ती इथेच. अत्र्यांच्या लेखणीतला ‘ब्रह्मचारी’ (१९३८) हंसचा. चिं. वि. जोशींच्या कथांवरचा ‘लग्न पहावे करून’ (१९४०) हाही विनायकांचाच. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांची तिरळी नजर हे त्यांचं भांडवल. ते पडद्यावर आले की संवादाच्या आधी लोक त्या नजरेला हसत. एखादी गोष्ट लोकांना एकदा आवडली की नटाने ती जन्मभर पुरवायची, हा मराठी पडद्यावरचा नियम तेव्हापासूनचा.

विनायकांनी पुढे प्रफुल्ल पिक्चर्स सुरू केली, तीही कोल्हापुरात. वडील गेल्यावर घर चालवण्यासाठी लता मंगेशकर याच कंपनीत नोकरीला होत्या. पडेल ते काम करणारी पोरंही तिथे पुष्कळ होती. कोणी दिवे उचलत होतं, कोणी सेट ठोकत होतं, कोणी निरोप पोचवत होतं. राजा गोसावी त्यातलेच. या गोसावींशी दोस्ती झालेला दुसरा पोऱ्या म्हणजे गणपत पाटील.

पाटलांचं बालपण कोल्हापुरातल्या गरिबीत गेलं. वडील लवकर वारले. मोलमजुरी करायची, प्रसंगी फुलं-उदबत्त्या विकायच्या आणि घर चालवायचं. तशातही नाटकाचं वेड सुटलं नाही. गावात तेव्हा रामायणाचे खेळ होत आणि त्यात हा मुलगा सीता व्हायचा. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात एका ओळीत उरकली जाते, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. ज्या देहबोलीला पुढे लोक खदखदून हसले, त्याच देहबोलीला आधी याच गावाने हात जोडले होते.

कोल्हापूरच्या शालिनी स्टुडिओत उमेदवारी करता करता पाटलांनी विनायकांना गुरू मानलं आणि कंपनी मुंबईला हलली तेव्हा तेही गेले. तिथे सुतारकाम केलं, रंगभूषा करणाऱ्यांच्या हाताखाली राहिले. १९४७ मध्ये विनायक अकाली गेले. राजा परांजपे यांचा ‘बलिदान’ आणि राम गबाले यांचा ‘वंदे मातरम्’ यांत पाटलांना छोटी कामं मिळाली आणि तिथून भालजी पेंढारकरांच्या ‘मीठभाकर’पर्यंत ते पोचले. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्यात ‘मीठभाकर’ही गेला आणि भालजींनी तो पुन्हा चित्रित केला. या सगळ्या काळात पाटलांचा ओढा रंगभूषेकडेच होता. दुसऱ्याचा चेहरा बदलून देण्याचं काम या माणसाला मनापासून आवडत होतं, आणि त्याचा स्वतःचा चेहरा मात्र पुढे कोणी बदलू दिला नाही.

‘ऐका हो ऐका’ आणि ‘जाळीमंदी पिकली करवंदं’ या तमाशाच्या बाजाच्या नाटकांनी त्यांचं भविष्य ठरवून टाकलं. १९५३ च्या ‘वाघ्या मुरळी’नंतर ते पडद्यावरचे नाच्या झाले. पाठोपाठ तमाशापटांची लाट आली. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये लागला आणि पुण्यात दोन वर्षांहून जास्त चालला. मग काय, प्रत्येक निर्मात्याला फड हवा, लावणी हवी, पाटील हवा आणि नाच्या हवा. ‘सवाल माझा ऐका’, ‘केला इशारा जाता जाता’, ‘गणानं घुंगरू हरवलं’ अशी नावं घेत गेलं तर यादी संपायची नाही. हे चित्रपट तुटपुंज्या पैशात आणि घाईत व्हायचे. नवा नट आणून त्याला तालीम द्यायला सवड कोणाला? पाटलांना नुसता प्रसंग सांगितला की काम व्हायचं. नटाला साच्यात बसवण्यामागे प्रेक्षकांच्या आवडीइतकाच निर्मात्यांच्या खिशाचाही हात असतो.

तमाशातल्या नाच्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं. बायका फडात येण्यापूर्वी नाचायचं काम पोऱ्यांकडे असे. मिसरूड न फुटलेला मुलगा लुगडं नेसून लावणी करायचा. पुढे बायका बोर्डावर आल्या, पवळा हिवरगावकरांसारख्या कलावंतिणींनी नाव काढलं आणि नाच्या पोऱ्याचं मूळ काम संपलं. उरला तो बायकी हावभाव करणारा पुरुष. गवळणीत कृष्णाशी हुज्जत घालणारी मावशी आणि सोंगाड्याच्या कोट्या झेलणारा नाच्या, हा सगळा त्याच वळणाचा मामला. सिनेमाने त्यातला नाच्या उचलला आणि त्याला लावणीच्या जोडीला हशासाठी उभा केला. नायिकेची बाजू घेणारा, फडाची काळजी वाहणारा, पाटलाच्या माणसांना घाबरणारा आणि तरी त्यांना टोमणे मारणारा असा तो. त्याला स्वतःची गोष्ट नाही. तो कोणाच्या प्रेमात पडत नाही, त्याच्यासाठी कोणी थांबत नाही.

एवढ्याशा जागेत गणपत पाटील काय करत, हे त्यांचे चित्रपट आज पुन्हा पाहताना नीट दिसतं. आधी ते कानोसा घेतल्यासारखे क्षणभर गप्प उभे राहतात. मग मान किंचित कलते. हात कमरेवर जातो, पण सगळा नाही, बोटांची टोकं तेवढी टेकतात. नजर समोरच्या माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरते आणि मग ती ‘आत्ता गं बया’ येते, कधी घाबरून, कधी लाडात, कधी उघड चेष्टेने. तीन शब्दांचे इतके सूर लावणारा नट मराठीत दुसरा कोण, हे मला पटकन सांगता येणार नाही. त्यांच्या नकला करणारे आवाज बारीक काढतात आणि अंग सारखं वळवत राहतात. पाटील अंग फार कमी वळवायचे. रंगमंचावरून आलेला माणूस असल्यामुळे हशाला किती जागा सोडायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या कसबाची किंमत त्यांनी घराबाहेर मोजली. पाटलांना बायको होती, मुलं होती, चारचौघांसारखा संसार होता. तरीही ‘हा माणूस खरंच तसला’ ही बोलवा आयुष्यभर त्यांच्यामागे राहिली. रस्त्यात हाका मारायच्या, टाळ्या वाजवून दाखवायच्या, हे लोकांना गमतीचं वाटे. खलनायक निळू फुल्यांनाही लोकांनी शिव्या घातल्या, गावाकडच्या बायकांनी बोटं मोडली. पण त्या शिव्या म्हणजे नटाला मिळालेली पावतीच होती आणि फुलेही ती हसून सांगत. शिवाय फुल्यांना ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू मिळाला, ‘सामना’तला साखरसम्राट मिळाला. पाटलांच्या वाट्याला असं दुसरं दार उघडलंच नाही. खलनायकाच्या पुरुषपणाबद्दल कोणाला शंका येत नाही, नाच्याच्या येते, आणि आपल्याकडे त्या एका शंकेपुढे अभिनयाची बाकी सगळी पुण्याई कुचकामी ठरते.

मग बालगंधर्वांचं काय, असं कोणीही विचारेल. नारायणराव राजहंस उभा जन्म स्त्री झाले, आणि त्यांच्या शालूंची, दागिन्यांची, चालण्या-बसण्याची घरंदाज बायकांनी नक्कल केली. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी शाहू महाराजांचा आधार होता आणि १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. कोल्हापूरचेच केशवराव भोसलेही स्त्रीभूमिकांनी गाजले. ज्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचं नाव दिलं, त्याला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली तेव्हा अख्खं गाव हळहळलं. तर मग बालगंधर्वांना मखर आणि गणपत पाटलांना टवाळी, असं का? जातीचा आणि वर्गाचा भाग त्यात आहेच. संगीत नाटक पांढरपेशांचं, तमाशा गावकुसाबाहेरच्यांचा. पण मला आणखी एक कारण दिसतं. बालगंधर्व रंगमंचावर पुरते स्त्री होत आणि पडदा पडला की पुरुष. या दोन्हींच्या मधे प्रेक्षकांना काही दिसत नसे. नाच्या मात्र धोतर नेसून, मिशा काढून, बाईसारखा बोलतो. तो मधेच उभा असतो. मधे उभ्या असलेल्या माणसाचं काय करायचं हे समाजाला उमगत नाही आणि मग तो हसून मोकळा होतो. सीता झालेल्या पोराला नमस्कार आणि नाच्या झालेल्या बाप्याला शीळ, यामागचं गणित एवढंच असावं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. बीबीसीवर १९७२ ते १९८५ या काळात ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ नावाची विनोदी मालिका चालली. ग्रेस ब्रदर्स नावाच्या जुनाट डिपार्टमेंट स्टोअरमध्ये ती घडते. त्यात पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात मिस्टर हम्फ्रीज नावाचा नाजूक चालीचा विक्रेता आहे. ते काम करणारा जॉन इनमन प्रेस्टन गावचा, जन्म १९३५ चा. भूमिका सुरुवातीला दोन-चार वाक्यांची होती. बीबीसीतल्या वरिष्ठांना हे पात्र नकोच होतं, निर्माता डेव्हिड क्रॉफ्ट अडून बसला म्हणून ते राहिलं. मग ‘मी मोकळा आहे!’ अशा अर्थाची त्याची लाडिक आरोळी घराघरात गेली. तिचं आपल्या ‘आत्ता गं बया’शी असलेलं नातं वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की तिथे निषेधाचा सूर आला तो समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांकडून. तुम्ही आमची टिंगल विकता, असं त्यांचं म्हणणं होतं. इनमन म्हणे, हम्फ्रीज कोण आहे हे मालिकेत कुठेच सांगितलेलं नाही. तो स्वतः समलिंगी होता आणि २००५ मध्ये कायद्याने मुभा मिळताच त्याने आपल्या जुन्या जोडीदाराशी रीतसर नोंदणी केली. मार्च २००७ मध्ये तो गेला आणि त्यानंतर वर्षभराने, मार्च २००८ मध्ये, गणपत पाटील गेले. एकाचं आयुष्य सोंगाच्या जवळचं, दुसऱ्याचं पार वेगळं, आणि खुलासा मात्र दोघांनाही जन्मभर करावा लागला.

ब्रिटिश टीव्हीवर सोंगात अडकलेल्यांची रांग मोठी आहे. हॅरी एच. कॉर्बेट हा गंभीर नाटकांतला नावाजलेला नट. ‘स्टेप्टो अँड सन’मध्ये भंगारवाल्याचा मुलगा झाला आणि पुन्हा कोणी त्याला त्या नजरेने पाहिलंच नाही. रोवन अ‍ॅटकिन्सनची गोष्ट वेगळी. मिस्टर बीन त्याचं स्वतःचं अपत्य. १९९० ते १९९५ या काळात त्याचे जेमतेम पंधरा भाग केले, थांबला, हवं तेव्हा सिनेमा काढला, हवं तेव्हा मेग्रे नावाचा फ्रेंच पोलीस अधिकारी होऊन गंभीर चेहऱ्याने उभा राहिला.

आपल्याकडे अ‍ॅटकिन्सनच्या जागी दादा कोंडके बसतात. दादांना सिनेमात आणलं भालजींनी, ‘तांबडी माती’ (१९६९) मधून. दोन वर्षांनी दादांनी ‘सोंगाड्या’ काढला तो स्वतःच्या जोखमीवर. लोंबणारी नाडी, ढगळ अर्धी चड्डी, बावळट चेहरा आणि दुहेरी अर्थाची बोली हे सगळं त्यांनीच ठरवलं. तेही एका सोंगात अडकलेच की! पण ते सोंग त्यांच्या मालकीचं होतं. चित्रपट रौप्यमहोत्सवी झाला की पैसा त्यांच्या गल्ल्यात, टीका झाली की उत्तर देणारेही तेच. नऊ चित्रपट ओळीने रौप्यमहोत्सवी करून गिनेस बुकात गेलेल्या माणसाला साच्यात बसवलं म्हणून कोणाची कीव येत नाही. पाटील दुसऱ्याच्या चित्रपटात रोजीवर गेलेले नट. त्यांच्या ‘आत्ता गं बया’ने तिकिटं खपली, पण पुढच्या चित्रपटात काय करायचं हे ठरवायचा अधिकार त्यांना कधीच मिळाला नाही.

मराठी सिनेमाने या विषयाकडे वळून पाहिलं ते दोनदा. जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’ (१९९२) हा पु. ल. देशपांड्यांनी लिहिलेला. तमाशातला सोंगाड्या सिनेमातला तारा होतो आणि हसवण्याच्या मागणीखाली चिरडत जातो. त्यातल्या लावण्यांच्या नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नायक होता लक्ष्मीकांत बेर्डे. त्याने जीव ओतून काम केलं, आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवली. लक्ष्या हसवत नाही म्हटल्यावर पाहायचं काय, असा सगळा मामला. पडद्यावरची गोष्ट चित्रपटगृहाच्या खिडकीवरही तशीच घडली. बेर्डे पुन्हा आपल्या जुन्या विनोदाकडे गेला आणि २००४ मध्ये, पन्नाशीतच गेला.

दुसरा ‘नटरंग’. कागलच्या आनंद यादवांची कादंबरी, रवी जाधवांचं दिग्दर्शन, १ जानेवारी २०१० ला प्रदर्शित. पैलवानी अंगाचा गुणा फडासाठी नाच्या होतो आणि घर, गाव, बायको सगळं गमावतो. अतुल कुलकर्णींनी शरीर आधी कमावलं आणि मग उतरवलं, त्याचं कौतुक झालं ते रास्तच. चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्कृष्टाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गुणा पाहताना कोल्हापुरात अनेकांना गणपत पाटील आठवले. माझी मात्र एक तक्रार आहे. ‘नटरंग’मधला नाच्या शोकनायक आहे. त्याच्यावर अत्याचार होतो, तो कोसळतो, उठतो, शेवटी सत्काराला उभा राहतो. पाटलांचं दुःख इतकं नाट्यमय नव्हतं. ते सकाळी स्टुडिओत जात, रंग लावत, हसवत आणि संध्याकाळी घरी येताना कोणाची तरी टवाळी ऐकत. वर्षानुवर्षं हेच. शिवाय गुणा विनोद फारसा करत नाही. गणपत पाटलांच्या आयुष्यातली खरी अडचण ही की ते विनोद फार चांगला करत.

टीव्हीने काय बदललं? एका परीने पुष्कळ. चिमणरावाचंच घ्या. ‘लग्न पहावे करून’मधले दामुअण्णा त्या तिरळ्या नजरेतून सुटले नाहीत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले आणि रस्त्यात लोक त्यांना त्याच नावांनी हाका मारू लागले. प्रभावळकर तिथे थांबले नाहीत. ‘हसवाफसवी’त एकाच प्रयोगात अनेक माणसं, ‘चौकट राजा’तला नंदू, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, टिपरेंचे आबा आणि २००६ मध्ये थेट गांधीजी. दर वेळी नवा चेहरा आणि नवी चाल. रंगभूषेचं वेड असलेल्या गणपत पाटलांना नेमकं हेच हवं असणार.

त्यानंतर प्रहसनांचे कार्यक्रम आले. २०१४ मध्ये सुरू झालेला ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८ पासूनची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांत नटाला एका आठवड्यात मामलेदार, पुढच्या आठवड्यात सासू आणि त्यापुढे भूत व्हावं लागतं. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे यांनी साड्या नेसल्या आणि त्यावरून त्यांच्या घरादाराची चौकशी कोणी केली नाही. साडी नेसून हसवणाऱ्या कारंडेने त्याच कार्यक्रमात पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांची पत्रं वाचली, तेव्हा हसायला बसलेल्या प्रेक्षकांनी डोळे पुसले. लक्ष्मीकांत बेर्डेला जे अडीच तासांच्या सिनेमात जमू दिलं नाही, ते इथे पाच-सात मिनिटांत झालं. दर आठवड्याला पात्र बदलतं, म्हणून कोणतंच सोंग नटाच्या अंगाला चिकटत नाही.

दुसऱ्या परीने मात्र गाडी तिथेच आहे. या प्रहसनांतही लेखकाचा विनोद आटला की एखादा नाजूक चालीचा पुरुष आत येतो, हात झटकतो, मान वेळावतो आणि परीक्षक खुर्चीतून मागे कोसळतात. पात्राला नाव नाही, काम नाही, गोष्ट नाही. लकब उघडच गणपत पाटलांची. पण ते आधी क्षणभर गप्प उभे राहत, समोरच्याला न्याहाळत आणि मग बोलत. तेवढं थांबायला पाच मिनिटांच्या स्किटमध्ये कोणाला वेळ नसतो.